शाळा सोडून गेलेली मैत्रीण

संगणकाचे सर खुर्चीतच मेले होते. कवटी मागून फुटली होती आणि रक्त टेबलावरून ठिबकत होतं. शेजारी सुतार उभा होता, हात लालभडक, खांद्याला हत्यारांची पिशवी. आणखी काय हवं? शिपायांनी त्याला तिथंच आडवा पाडला, दोन लाथा हाणल्या आणि बेड्या ठोकल्या.

मी जाब विचारायला आलो तेव्हा ते असेच होते, हलवून पाहिलं म्हणून रक्त लागलं, एवढंच तो म्हणत राहिला. पण त्याचं ऐकतो कोण? आदल्याच दिवशी त्याने अख्ख्या शाळेसमोर सरांची कॉलर धरून डोकं फोडायची भाषा केली होती.

कारणही तसंच होतं. त्याची नववीतली मुलगी जबडा आणि पाय मोडून दवाखान्यात पडली होती. मैत्रिणीचा निरोप आला म्हणून ती शाळेच्या गच्चीच्या जिन्यावर गेली आणि मागून कुणीतरी तिला ढकललं. निरोप शाळेने दिलेल्या ऑनलाइन खात्यावर आलेला, आणि ती खाती सर सांभाळत. आई नसलेली पोर. आता बापही फासावर गेला तर तिचं काय, हे तपासाला आलेल्या फौजदारबाईंच्या डोक्यातून जाईना.

बाईंनी पिशवीतली हातोडी पाहिली. तिचं तोंड दोन बोटांचं, आणि कवटी तर तळहाताएवढी सपाट खचलेली.

मुख्याध्यापिका तोऱ्यात सांगत होत्या की बाहेरचं चिटपाखरूही आमच्या मुलांना निरोप धाडू शकत नाही. फक्त शाळेचीच खाती चालतात. मग ही मैत्रीण कोण? खातं दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीचं निघालं. ती चार महिन्यांपूर्वीच शाळा सोडून गेली होती, आणि तेव्हापासून तिने ते उघडलंही नव्हतं.

शाळा सोडताना मूल एक फॉर्म भरतं, त्यावर आपला पासवर्ड लिहितं, कारकून तो सरांकडे पाठवतो आणि सर खातं बंद करतात, अशी इथली रीत. बाईंनी कपाळाला हात लावला. सरांच्या फाइलीत सगळ्यांचे फॉर्म होते, या मुलीचा तेवढा नव्हता.

कार्यालयाच्या खिडकीशी एक आई दाखल्यासाठी ताटकळली होती. कारकून तिला हात जोडून समजावत होता की कागदावर शाळेचं चिन्ह उठवायचं लोखंडी यंत्र दुरुस्तीला गेलंय. पोरं या कारकुनाला साखरमामा म्हणत, इतका तो गोड.

"त्या मुलीचा फॉर्म?" बाईंनी विचारलं.

"सरांना केव्हाच दिला, मॅडम."

"यंत्र कधी गेलं?"

"परवा."

बाईंनी दाखल्यांची फाइल ओढली. "कालच्या तारखेच्या दाखल्यावर चिन्ह उठलंय. कशाने उठवलंत?"

साखरमामाचा हात टेबलाच्या खणाकडे सरकला.

"फॉर्म तुम्हीच ठेवून घेतलात. मैत्रीण बनून पोरीची गुपितं काढलीत. निरोप वाचलेत मी. तिने भेटायचा हट्ट धरला, नाहीतर सरांकडे चौकशी करते म्हणाली. म्हणून जिन्यावर बोलावलंत. काल सुतार भांडून गेल्यावर सरांनी खातं तपासलं आणि तुमच्याकडे फॉर्म मागितला. सुताराची धमकी सगळ्यांनी ऐकलीच होती. आज सकाळी तुम्ही यंत्र उचललंत."

साखरमामाने कागद कापायचं पातं उपसलं आणि थेट बाईंच्या गळ्यावर चालवलं. बाई वाकल्या, पण खांदा फाटलाच. त्यांनी त्याचा हात खणात घालून खण लाथेने बंद केला. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. यंत्र संडासाच्या टाकीत सापडलं, त्याच्या सांध्यात सरांचे केस अडकलेले.

संध्याकाळी सुतार दवाखान्यात पोचला. तारांनी बांधलेल्या जबड्याने लेकीला बोलता येईना. तिने वहीत लिहिलं, "बाबा, माझ्या मैत्रिणीला पण ढकललं का?"

त्याने तिचा हात धरून खरं ते सगळं सांगितलं. मग वही ओढून तिने लिहिलं, "आई गेली त्या दिवसाचं मी फक्त तिलाच सांगितलं होतं."