मधला तुकडा

"चोरीला काय गेलंय?" ताईंनी विचारलं.

"गवत," समोरच्या बाई म्हणाल्या.

बच्चूला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात बुडवलं, पण ताईंनी असं पाहिलं की खोकलाही थांबला. बच्चू हा ताईंचा धाकटा भाऊ आणि गुप्तहेरीच्या धंद्यातला त्यांचा एकुलता एक मदतनीस. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, डोक्यावर टक्कल, पोट पुढे. तरीही ताई आल्यागेल्यासमोर त्याला बच्चूच म्हणायच्या. तक्रार करण्यात अर्थ नव्हता. ताईंपुढे कोणाची डाळ शिजत नसे.

"हातभर लांब, हातभर रुंद, मातीसकट," बाई म्हणाल्या. "हसा, मला राग नाही. पण ते मिळालं नाही तर उद्या मी दिलेला शब्द मागे घेणार आहे."

बाईंना सगळं शहर कप्तानबाई म्हणायचं. त्यांचे यजमान तरुणपणी फुटबॉल क्लबचे कप्तान होते, पुढे कारखानदार झाले आणि शेवटी क्लबचे अध्यक्ष. जुनं मैदान मोडून त्याच जागी खरंखुरं स्टेडियम बांधायचं खूळ त्यांचंच. नगरपालिकेने परवानगी दिली, बँकेने कर्ज दिलं, पाठीराख्यांनी खुर्च्या आगाऊ विकत घेतल्या. तीन बाजू उभ्या राहिल्या. चौथ्या स्टँडचं छप्पर बाकी असताना तिजोरी आटली आणि त्यातच कप्तान गेले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ते छप्पर मी घालीन, असं कप्तानबाईंनी जाहीर केलं होतं. अट एकच होती.

"जाण्याआधी त्यांनी निरोप ठेवला होता, जुन्या मैदानातला मधला तुकडा वाचवा. तो कापून ट्रेमध्ये जगवलाय. उद्या तो नव्या मैदानाच्या बरोबर मध्यावर बसवायचा आणि मी अनवाणी त्यावर उभं राहायचं. सामना तिथूनच सुरू करायचे ना ते. मी एकही सामना पाहिला नाही हो. 'तुला कंटाळा येईल,' असं ते म्हणायचे आणि मी म्हणायचे, येईलच. आता वाटतं, एकदा तरी जायला हवं होतं. ते कुठे उभे राहायचे, तेवढं तरी पायाला कळू दे."

बच्चूचं हसू कुठल्या कुठे गेलं.

स्टेडियमच्या फाटकावर पहारेकऱ्याने ताईंची पर्स उघडून पाहिली आणि बच्चूचा डबासुद्धा.

"तांब्याची तार चोरीला जायला लागल्यापासून साहेबांचीही गाडी उघडतो," तो म्हणाला. "खिळा बाहेर जात नाही."

"आणि गवत?"

"ओल्या मातीचं ओझं माझ्या नजरेतून सुटेल होय, ताई?"

आत शिरताच बच्चूचा पाय थबकला. लहानपणी वडील त्याला इथे आणायचे. गोलच्या मागे लाकडी बाकं होती, तिसऱ्या बाकाची एक फळी निखळलेली होती आणि तिथेच त्यांची जागा होती. वडील त्याला खांद्यावर घ्यायचे आणि गोल झाला की स्वतःच विसरून उड्या मारायचे. आता तिथे निळ्या खुर्च्यांच्या रांगा होत्या, एकासारखी एक. तो नजरेने बाक शोधत राहिला. सापडणार नाही हे माहीत असूनही शोधत राहिला आणि बाहीने डोळे टिपू लागला.

"बच्चू, रडायला नंतर वेळ देईन," ताई म्हणाल्या. पण आवाज नेहमीएवढा कडक नव्हता. ते वडील त्यांचेही होते.

ट्रे बांधकामाच्या ऑफिसात खिडकीपाशी ठेवलेला असे. काल संध्याकाळी गवत त्यात होतं, आज सकाळी नव्हतं. कुलूप जागच्या जागी होतं. ट्रे मात्र स्वच्छ धुऊन, निथळायला पालथा घातलेला होता.

"चोर भांडी घासून गेलाय," ताई पुटपुटल्या. "किल्ल्या कोणाकडे असतात?"

तिघांकडे. पहिला स्वतः आर्किटेक्ट, कप्तानांचा पुतण्या. तो नकाशावर कोपरं टेकून बसला होता.

"काकूंना सांगू नका, पण मला ते गवत डोळ्यांसमोर नको होतं. माझं मैदान गालिच्यासारखं आहे आणि त्याच्या मधोमध ते ठिगळ! गवत तरी कसलं, मधे टक्कल आणि कडेने चार काड्या. अगदी..." त्याची नजर बच्चूच्या डोक्यावर गेली आणि तो घाईघाईने नकाशा गुंडाळू लागला.

"मग तुम्हीच फेकलं?"

"मी वेडा आहे का? हातभर गवत देऊन छप्पर मिळतंय, आवळा देऊन कोहळाच की! छप्पर नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर इथे मोठे सामने नाहीत. ते ठिगळ मी तळहातावर जपलं असतं."

दुसरी किल्ली मैदान तयार करणाऱ्या बाईंकडे होती. सगळे त्यांना गवतबाई म्हणत. त्या रेघेबाहेर उकिडव्या बसून कात्रीने एकेक काडी कापत होत्या.

"गवतावर पाय नको!" त्या बच्चूवर ओरडल्या. तो अजून चार हात लांब होता. "परवाच अंथरलंय. मुळं धरेपर्यंत चिमणी उतरली तरी माझा जीव वरखाली होतो."

"जुन्या तुकड्याची भीती वाटत होती?"

"आधी वाटत होती, जुन्या मातीत रोग असतात. मी तो उलटून पाहिला. काळीभोर, स्वच्छ माती होती, रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचा कणही नाही. पोरगं गुणी निघालं म्हटलं. शिवाय मला तो हवाच होता. हे नवं गवत येताना कमी भरलं, मध्यावर तेवढी जागा मी रिकामीच ठेवली. एक तुकडा शिल्लक असता तर आत्ता तिथे लावून मोकळी झाले असते."

तिसरी किल्ली गोलीकडे. एकेकाळी हा क्लबचा गोलकीपर होता, आता बांधकामाच्या सामानाचा स्टोअरकीपर. "कीपर तो कीपरच," असं तो स्वतःच सांगायचा. उंच, वाकलेला, बोटं मोडून जुळलेली. स्टोअरच्या दारात घमेल्यात लुसलुशीत हिरवळ होती.

"वा! दुकानात बाग," बच्चू म्हणाला.

"उरलेला तुकडा हो. फेकवेना." गोली उठला, त्याने धुळीत टाचेने एक रेघ ओढली आणि तिच्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. "विचारा."

"जुना तुकडा कोणी कापला होता?"

"मीच. कप्तानने मलाच सांगितलं होतं, दवाखान्यात. मधला तुकडा वाचव म्हणाला. मी मधलाच कापला. दुसरा कुठला कापणार?"

"काल ऑफिसात गेला होता?"

"रोज जायचो, पाणी घालायला." त्याची नजर ताईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "गोल बसवलेत, पाहिले का? मधे उभं राहिलं की दोन्ही खांब सारखे लांब दिसतात. तसे दिसले की समजायचं, मधे आहोत."

ताईंनी आणखी काही विचारलं नाही. बच्चूला ते विचित्र वाटलं. मैदानाला वळसा घालून परत येताना तो त्या गोलच्या मागे थांबला. इथेच कुठेतरी ते तिसरं बाक असणार, या हिशेबाने.

"ताई, बघ ना. नव्याकोऱ्या गवतावर कोणी टाचेने रेघ ओढलीय, गोलसमोर. कोऱ्या वहीवर पोरं मारतात तशी."

ताई जाळीला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बच्चू, कधीकधी तुझ्या टकलाखालीही उजेड पडतो. सगळ्यांना इथे बोलाव."

उन्हं उतरली होती. कप्तानबाई, आर्किटेक्ट, गवतबाई आणि गोली गोलच्या मागे येऊन उभे राहिले. कप्तानबाईंच्या हातात रुमालाची गुंडाळी झाली होती.

"गवत फाटकाबाहेर गेलेलं नाही," ताईंनी सुरुवात केली. "म्हणजे ते इथेच आहे. आणि गवत लपवायला गवतासारखी जागा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललंय आपलं. आता सांगा, कोणी घेतलं? ज्याला ते नकोसं होतं त्याने ट्रेसकट कचऱ्यात टाकलं असतं. इथे ट्रे धुऊन पालथा घातलाय. पाहुण्याचं ताट आपण असं धुतो, त्याला पोचवून आल्यावर."

आर्किटेक्टने सुटकेचा श्वास टाकला.

"गवतबाई म्हणाल्या, नवं गवत कमी पडलं, एक तुकडाही शिल्लक नाही. मग स्टोअरच्या दारातल्या घमेल्यात उरलेला तुकडा आला कुठून? अंथरलेल्या मैदानातूनच कोणीतरी तो कापून काढला, हातभर लांब, हातभर रुंद. त्या खड्ड्यात काय बसवलं असेल?"

गवतबाईंनी गोलीकडे वळून पाहिलं. "माझ्या मैदानात भोक पाडलंत तुम्ही?"

"आणि कुठे पाडलं तेही त्यांनीच लिहून ठेवलं," ताई म्हणाल्या. "गोली जागेवर उभा राहिला की टाचेने रेघ ओढतो, म्हणजे मान न वळवता गोलचा मध्य कळतो. मघाशी आमच्याशी बोलतानासुद्धा त्यांनी ओढली. काल रात्री तुकडा बसवून, त्याचं टक्कल कातरलेल्या काड्यांनी झाकून ते उभे राहिले आणि पायाने आपली सवय केली. ती रेघ बच्चूला दिसली."

बच्चूने उगाचच चष्मा पुसला.

"पण का?" कप्तानबाईंचा आवाज चिरकला. "तुम्ही त्यांचे जिवलग ना? त्यांची शेवटची इच्छा एवढीच होती. मधला तुकडा मधे बसवायचा."

"मधेच बसवलाय, बाई," ताई हळूच म्हणाल्या. "मैदानाच्या मध्यबिंदूवर दर सामन्याआधी फक्कीचा ठिपका पडतो. इतक्या वर्षांत तिथली माती खालपर्यंत पांढरी व्हायला हवी. या तुकड्याची माती काळीभोर होती. आणि त्याला मधे टक्कल होतं. गवत असं कुठे झिजतं? जिथे एकच माणूस, त्याच जागी, तासन् तास पाय बदलत उभा राहतो तिथे. हा तुकडा मध्यबिंदूवरचा कधीच नव्हता. तुम्ही-आम्ही 'मधला' म्हटलं की मैदानाचा मध्य समजतो. गोलीचा 'मधला' म्हणजे गोलमधला, दोन खांबांच्या बरोबर मधला. आणि कप्तानांनी हा शब्द तुमच्यापाशी काढला नाही, या पुतण्यापाशीही नाही. गोलीपाशी काढला."

गोलीने तोंडावरून हात फिरवला.

"सराव संपला, सगळे घरी गेले की आम्ही दोघंच उरायचो," तो म्हणाला. "तो पेनल्टी मारायचा, मी अडवायचो. अंधार पडेपर्यंत. तो दरवेळी मधेच मारायचा, सरळ. आणि मी मूर्ख दरवेळी डावीकडे नाहीतर उजवीकडे उडी घ्यायचो. वाटायचं, एवढ्या वेळा मधे मारलाय, आता तरी बदलेल. म्हातारे होईपर्यंत हसलो आम्ही त्यावर. दवाखान्यात म्हणाला, 'मधला तुकडा वाचव रे. आयुष्यभर तिथे काही तू थांबला नाहीस.' हे त्याचं शेवटचं वाक्य. पुढे बोलणंच झालं नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू, मॅडम? तुम्ही ट्रेवर हात ठेवून म्हणायच्या, इथे ते उभे राहायचे. तुमचा चेहरा बघून माझी जीभ टाळ्याला चिकटायची. पण उद्या तुम्ही अनवाणी त्यावर उभ्या राहणार, तेही खोट्या जागी... ते मला बघवलं नसतं. बसवून टाकलं. पुढचं सुचलंच नाही. छपराचा विचार आला तेव्हा उजाडलं होतं."

कप्तानबाई जाळी धरून उभ्या होत्या. बच्चूला वाटलं, आता या छपराला नाही म्हणणार, आणि तसं म्हटलं तर त्यांना कोण दोष देणार? एवढ्या दिवसांची आस त्यांनी चुकीच्या मातीवर ठेवली होती.

"म्हणजे संध्याकाळी उशीर व्हायचा तो यामुळे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी जेवण झाकून बसायचे. 'कामात अडकलो,' असं ते म्हणायचे. ते इकडे तुमच्याबरोबर हसत होते." त्यांनी डोळे पुसले. रुमाल पुरला नाही, मग पदराने पुसले. "मला कोणी हाक मारली असती तर मीही आले असते."

ताईंनी पर्समधून आपला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

कप्तानबाई पुतण्याकडे वळल्या. "छपराचं काम सुरू कर. मधल्या रिकाम्या जागेत घमेल्यातलं गवत लाव. या तुकड्याला हात लावायचा नाही." मग त्यांनी चपला काढल्या. "ते पेनल्टी कुठून मारायचे?"

गोली स्टोअरमधून एक चेंडू घेऊन आला. गवतबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं, मग स्वतःच पुढे होऊन त्यांना पेनल्टीची जागा दाखवली. कप्तानबाईंनी चेंडू तिथे ठेवला. साडीचा काठ हाताने उचलून धरला. समोर गोली आपल्या तुकड्यावर उभा राहिला, गुडघे वाकवून, तळवे पसरून.

त्यांनी पाय मारला. चेंडू सरळ निघाला, हळूहळू गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. आर्किटेक्ट तो उचलायला धावणार होता, ताईंनी त्याची बाही धरली.

गोली हलला नाही. इतकी वर्षं ज्यांना तो मॅडम म्हणत आला होता, त्यांना तो तिथूनच म्हणाला, "जोरात मारा, वहिनी. तो फार जोरात मारायचा."

कप्तानबाई चालत गेल्या, चेंडू उचलून परत घेऊन आल्या आणि त्यांनी तो पुन्हा पेनल्टीच्या जागी ठेवला.