शून्याचा वास

प्रयोगशाळेच्या टेबलावर एक चिरलेलं वांगं पडलं होतं आणि त्याच्या पांढऱ्या गरात एक गुलबट अळी मजेत वळवळत होती. समोरच्या पडद्यावर, ते वांगं जिथून आलं त्या विद्यापीठाच्या शेताचं कीडमापन होतं: शून्य. कालही शून्य, परवाही शून्य.

"मग ही काय आभाळातून पडली?" डॉ. यामिनी भंगाळे स्वतःशीच म्हणाल्या. पाणी कुठंतरी मुरत होतं.

यामिनीबाई विद्यापीठात अब्जांश-पदार्थांच्या तज्ज्ञ. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा कार्बनच्या नळ्यांचं जाळं त्यांनी विणलं होतं. वांगं पोखरणाऱ्या अळीचा पुढे पतंग होतो. त्यातली मादी नराला बोलावण्यासाठी जो वास सोडते, तो कामगंध. त्याचे थोडेसे कण जाळ्यावर बसले की विजेचा प्रवाह बदलतो आणि यंत्र ओरडतं. बाईंनी त्याला 'गंधसंवेदक' असं भारदस्त नाव दिलं होतं. गावोगावच्या लोकांनी त्याचं सरळ 'नाक' केलं. बाईंना ते मुळीच आवडत नसे, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

दुसरं यंत्र कीटकशास्त्राच्या डॉ. विश्वनाथ फालकांचं. त्याचं नाव 'चकवा'. नाक ओरडलं की चकवा तोच वास कृत्रिमरीत्या शेतभर पसरवी. चहूबाजूंनी बोलावणं आल्यावर नराला खरी मादी सापडायची कशी? भिरभिरून भिरभिरून बिचारा मरून जाई. विष नाही, फवारणी नाही. वारा स्वच्छ झाला की नाक पुन्हा हुंगायला मोकळं.

दोन्ही यंत्रं जिल्हाभर गाजली. खरं म्हणजे नाक गाजलं. चकव्याचं नाव कोणी घेईना. आणि सगळ्या शेतांची मापनं यायची ती फालकांच्या संगणकावर. यामिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती इथंच. त्यातून गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी फालक सर पतंगांनी भरलेला जाळीचा पिंजरा घेऊन विद्यापीठाच्या शेतात उभे दिसले होते. हाक मारली तर दचकले होते.

संशयाचं एक बरं असतं, एकदा शिरला की सगळं जुळत जातं. सर शेतात कीड सोडतात, नाकाचं ओरडणं संगणकावरून पुसतात आणि उद्या सगळ्या जगाला दाखवणार की भंगाळेबाईंचं नाक खोटं! ज्यांनी आपल्याला बी.एस्सी.ला शिकवलं, त्यांनी हे करावं? बाईंना संताप आला, रडूही आलं, आणि त्या भरात त्यांनी कुलगुरूंकडे तक्रार धाडून दिली. चौकशी समिती बसली. आरोप सिद्ध झाला असता तर निवृत्तीच्या तोंडावर फालकांना बडतर्फ होऊन घरी जावं लागलं असतं.

पुरावा भक्कम हवा म्हणून बाईंनी त्याच शेतात गुपचूप एक जादा नाक टांगलं. त्याची नोंद फक्त त्यांच्याकडे येणार होती. चारसहा दिवसांनी त्यांनी ती उघडून पाहिली.

शून्य.

बाईंनी नोंद पुन्हा एकदा तपासली. ह्या नाकाला तर फालकांचा हातही लागला नव्हता.

तशाच त्या फालकांच्या खोलीत गेल्या. "सर, मी तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही आकडे पुसता, कीड सोडता, असं लिहून दिलंय."

फालकांचा चेहरा उतरला. "अगं, मला येऊन विचारायचंस तरी," ते म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला सुळी देतेस होय?"

"मग त्या दिवशी पिंजऱ्यात काय होतं? दचकलात का?"

"मागून एवढ्यानं 'सर' म्हणून ओरडलीस, दचकणार नाही तर काय? रानातले नर होते, शेतातून खोलीकडे नेत होतो. आपल्या इथल्या पिंजऱ्यातली पैदास जुनी झाली, की ताजं रक्त म्हणून बाहेरचे नर आणतो. त्यांच्या लेकींवरच तर तू तुझं नाक तपासतेस."

"आणता कुठून?"

"कुठून म्हणजे? चकवा नसलेल्या सावदखेड्यातल्या कामगंध सापळ्यातून. दुसरीकडून कोण आणतं?"

हे म्हणता म्हणता फालकच थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, सापळ्यात येतो तो त्या वासाला भुलणाराच नर," यामिनीबाई सावकाश म्हणाल्या. "न भुलणारा तुमच्या पिंजऱ्यात कधी येणारच नाही."

"आणि त्याची लेक तुझ्या नाकासमोरही येणार नाही," फालक म्हणाले. "अरे देवा!"

दोघांनी मग वांगी चिरून अळ्या काढल्या, वाढवल्या. पतंग निघाल्यावर त्यांना उलट्या रात्रीच्या खोलीत नेलं. ह्या खोलीत भरदुपारी अंधार असतो आणि मिणमिणता लाल दिवा, म्हणजे पतंगांना रात्र वाटते आणि माणसांची झोप वाचते. पिंजऱ्याला नाक लावलं. माद्यांनी शेपट्या उचलल्या, नर सरळ उडत त्यांच्याकडे गेले, जोड्या जुळल्या. नाक गप्प.

"हिचा वासच वेगळा आहे," फालक कुजबुजले. "दोन द्रव्यांचं मिश्रण असतं बघ. नेहमीच्या मादीत पहिलं भरपूर, दुसरं नावाला. एखादीत नेमकं उलटं असतं. एरवी अशीला जोडीदार मिळायची मारामार, कारण सगळे नर पहिल्या वासामागे. पण चकव्यानं पहिल्या वासाचा संसारच मोडला. उरली ही."

"आणि माझं नाक पहिलाच वास शिकलंय."

"हो. नाक खोटं बोलत नाही, चकवाही चोख काम करतो. दोघांनी मिळून जी दिसते ती मारली आणि जी दिसत नाही ती पोसली."

समितीपुढे यामिनीबाईंनी हे सगळं सांगितलं, तक्रार मागे घेतली आणि सर्वांदेखत फालकांची क्षमा मागितली. अध्यक्षा श्रीमती अत्तरदे यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे बोट केलं. जिथे शून्य ती गावं हिरवी. नकाशा जवळजवळ सगळाच हिरवा होता. कोपऱ्यातलं सावदखेडं तेवढं लाल.

"म्हणजे ही हिरवी गावं धोक्यात?" त्यांनी विचारलं.

"सगळी. पुढच्या हंगामात तिथे नाकाला न कळणारीच कीड असेल."

"आणि हे लाल?"

"तिथल्या सरपंचबाईंनी चकवा बसवू दिला नाही," फालक म्हणाले. "मीही फार वाद घातला नाही, कंटाळा केला. जुना पतंग तिथेच काय तो शिल्लक आहे."

"नवं नाक करा. नवा चकवा करा. त्यात काय एवढं?"

"मग तिसऱ्या वासाची निपजेल," यामिनीबाई म्हणाल्या. "उपाय एकच. चकवे बंद करायचे आणि सावदखेड्याचे पतंग आणून हिरव्या गावांत सोडायचे. जुने पुष्कळ झाले की उलट्या वासाच्या मादीला पुन्हा जोडीदार मिळेनासा होईल, आणि उरेल ती नाकाला कळणारी कीड."

"म्हणजे," अत्तरदेबाई हळूच म्हणाल्या, "शेतात कीड सोडायची. फालकांवर जो आरोप होता, तेच करायचं."

"हो. सरांना नको, लोक त्यांना फाडून खातील. पहिला पिंजरा मी नेते. माझ्या माहेरापासून सुरुवात करते."

बाहेर येऊन त्यांनी भावाला फोन लावला. देवेंद्रचा दोन एकर वांग्याचा मळा होता आणि गावात पहिलं नाक त्यानंच बसवलं होतं, बहिणीच्या कौतुकानं. यामिनीबाईंनी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं समजावलं, लहानपणी गणित समजावत तसं, न चिडता.

देवेंद्रनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझ्या नाकात आजही शून्य आहे," देवेंद्र म्हणाला. "तूच म्हणालीस ना, नाक खोटं बोलत नाही?"

"नाहीच बोलत. पण वांगं चिरून बघ. सापडेल तुला अळी."

"सापडली काल. दोन वांग्यांत." त्याचा आवाज बदलला. "नाकात शून्य आणि वांग्यात अळी. म्हणजे कोणीतरी आणून सोडली, एवढं कळतं मला. आणि आज तू फोन करून सांगतेस, पिंजरा घेऊन येते. खरं सांग ताई, याआधी कितीदा येऊन गेलीस?"

यामिनीबाईंनी तोंड उघडलं. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्यांच्याजवळ एकच आकडा होता, नाकातलं शून्य, आणि देवेंद्रनं तोच त्यांच्याविरुद्ध वाचला होता.