म्हातारी नेमकी चहालाच का थांबते?

"दे इकडे ते माप!" म्हणत आप्पांनी गौरीच्या हातातलं ऑइलचं माप काढून घेतलं आणि सरळ परागच्या हातात दिलं.

झालं! सुट्टीचा सत्यानाश!

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून आप्पांच्या लाकूड कापायच्या चेनसॉला पाजायचं काम गौरीचं होतं. पार पाचवीपासून! सुरतेजवळच्या उधण्यातल्या त्या अख्ख्या सोसायटीत असं काम दुसऱ्या कुणाला होतं का? आणि आता बारडोलीहून सुट्टीला आलेला हा आतेभाऊ, ज्याच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा अजून मोडली नव्हती, तो तिचं माप धरून उभा होता.

"पण आप्पा, मी बरोबर मिसळलं होतं!"

"मग म्हातारी बंद का पडली?"

म्हातारी म्हणजे तीच चेनसॉ. भंगार बाजारातून आणलेली, नारिंगी रंग उडालेली, पण आवाज असा की सोसायटीतली कुत्री गच्चीवर पळायची. कालच्या वावटळीत शिरीषाचं मोठं झाड फाटकावर आडवं झालं होतं. पाण्याचा टँकर बाहेर आणि बायका हंडे घेऊन आत, अशी गत. आप्पा सकाळपासून कापत होते. म्हातारी जरा वेळ मजेत चालायची, मग खोकायची आणि गप्प!

"ऑइल जास्त झालं, दुसरं काय!" शेजारचे सुकलालकाका आप्पांना म्हणाले. त्यांनी एकदा स्वतःची स्कूटर दुरुस्त केली होती. त्या दिवसापासून जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल त्यांचं मत तयार असे. "प्लगला करंट झकास येतोय. म्हणजे खोट पेट्रोलात. पोरीबाळींच्या हाती माप देता, काशिनाथभाऊ!"

गौरीचे कान लालेलाल झाले.

परागनं टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल मिसळलं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "बघा, किती नीट करतोय! एक थेंब सांडला नाही!"

"मीपण नाही सांडत," गौरी पुटपुटली.

"तू मागच्या दिवाळीत सांडलं होतंस," तिचा धाकटा भाऊ चेतन म्हणाला. त्याच्या पाठीत एक धपाटा बसला.

गौरी ओट्यावर जाऊन बसली. आता तिची नजर परागवरून हलेल तर शपथ! देवा, त्याचं एकदा तरी चुकू दे! फक्त एकदा!

आणि देवानं ऐकलं! म्हातारी सुरू झाली, भुसा उडाला, फांदी पडली आणि… घुर्र, घुर्र, ठप्प!

गौरी टुणकन उभी राहिली. आता परागला बोलणी! आता माप परत!

"पंपवालाच चोर," सुकलालकाका म्हणाले. "भेसळ करतो."

"हो ना," आप्पा म्हणाले. "परागनं तर बरोबर मिसळलं होतं."

गौरीचं तोंड उघडं ते उघडंच! तिनं मिसळलं तर चूक तिची. यानं मिसळलं तर चूक पंपाची! वा रे न्याय!

"चला, आधी चहा!" आप्पांनी हातमोजे काढले.

हा आप्पांचा नेम होता. तापलेल्या मशीनला हात लावायचा नाही, हे त्यांच्या उस्तादानं शिकवलेलं. म्हणून मशीन थांबली की आधी चहा. तोही बशीत ओतून, फुंकर मारमारून, वर सुकलालकाकांच्या गप्पा. कपबशा उचलल्यावर मग प्लग काढायचा. आजही तसंच झालं. चहा झाला, आप्पांनी प्लग काढून पाहिला, तर निळीशार ठिणगी! तो परत बसवून दोरी ओढली, तर म्हातारी पुन्हा सुरू!

गौरी गाल फुगवून बघत होती. आणि एकदम तिचे गाल खाली बसले.

पेट्रोल तर कुणी बदललंच नव्हतं!

"चेत्या!" तिनं भावाला ओढलं. "पेट्रोल वाईट असतं, तर चहानंतर ती चालली कशी? टाकीत तेच पेट्रोल आहे!"

"तिलापण चहा लागत असेल."

"गाढवा, चहाच्या वेळात ती थंड होते! थंड असताना सगळं चांगलं. बिघडतं ते तापल्यावर. आणि तापलेली असताना प्लग कुणी बघतंच नाही!"

"मग आप्पांना सांग की."

गौरीनं सांगितलं. मशीनच्या घरघरीत आप्पा ओरडले, "नंतर!" सुकलालकाका हसले, "आता ही शिकवणार आपल्याला!"

म्हणजे एकच उपाय. पुढच्या वेळी चहा मिळता कामा नये!

"मी दूध सांडतो," चेतन म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "नको. आई मला फाडून खाईल."

मलापण, गौरीला वाटलं. या घरात कुणालाच सोडणार नाही आई. फक्त एक जण सोडून… तिनं दातओठ खाल्ले. मग पाय आपटत परागकडे गेली.

"ऐक. मला तू अजिबात आवडत नाहीस."

"माहितेय," पराग म्हणाला. "सकाळपासून डोळे वटारून बघतेयस. मी तुझ्याच खुणेपर्यंत ऑइल ओतलं, गौरी. तुझं काही चुकलं नव्हतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो की! मामा म्हणाले, 'पाहुण्यांनी मध्ये पडू नये.' इथं मला कुणी काही करू देत नाही, की साधं ओरडतसुद्धा नाही."

ओरडत नाहीत म्हणून तक्रार! असाही प्राणी असतो? पण वेळ नव्हता. गौरीनं भराभरा बेत सांगितला.

"तू सांडलंस तर कुणी काही बोलणार नाही. तेवढा तरी उपयोग होऊ दे तुझा!"

पराग हसला आणि स्वयंपाकघरात पळाला.

फाटकाबाहेर टँकरवाला हॉर्न मारून गुजरातीत किती वेळ लागेल ते विचारत होता, "अरे काका, केटली वार?" तेवढ्यात म्हातारी खोकली. ठप्प!

"चला, आधी चहा!"

आतून धडाम्म! मग आईचा आवाज, "अगंबाई, सगळं दूध! बाळा, तुला लागलं नाही ना?" 'बाळा' म्हणे! गौरीनं डोळे फिरवले, पण लगेच आप्पांसमोर उभी राहिली.

"चहाला वेळ आहे, आप्पा. तोवर प्लग बघा ना! एकदाच! माझी चूक निघाली तर माप परागलाच ठेवा. कायमचं!"

कायमचं? हे काय बोलून बसले मी!

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "पेट्रोलचा डबा आधी लांब ने," म्हणाले. फडक्यानं धरून त्यांनी प्लग काढला, वायरच्या टोपीत बसवून मशीनच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली.

काही नाही! पुन्हा ओढली. ठिणगी नाही की काही नाही!

"हाई काय शे?" आप्पांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. त्यांनी नवा प्लग लावला. तरी काळोखच! "पेट्रोल नाही, प्लग नाही… कॉइल! आतली तार कुठंतरी तुटलीय. तापली की सुटते, निवली की पुन्हा टेकते. आणि मी प्रत्येक वेळी निवल्यावर बघतोय!"

"मला आधीच शंका होती," सुकलालकाका म्हणाले.

"कधी? तोंड बशीत असताना?" चेतननं विचारलं. हंडेवाल्या बायका खो खो हसल्या.

आप्पांच्या पलंगाखाली जाम झालेली एक जुळी मशीन सुट्या भागांसाठी पडून होती. चेतन आणि पराग ती ओढत घेऊन आले. म्हातारी पुरती निवल्यावर आप्पांनी तिचं झाकण काढलं, वायर सोडवली, दोन स्क्रू काढले आणि जुनी कॉइल बाहेर! जुळीची कॉइल तिच्या जागी बसली.

"आता कॉइल चाकावरच्या मॅग्नेटला घासायला नको आणि फार लांबही नको. मध्ये कार्ड धरायचं. कोण धरतं?"

पराग पुढे झाला. झालं, हेही गेलं! पण परागनं खिशातलं साडीच्या दुकानाचं कार्ड तिच्यापुढे धरलं.

"हिची बोटं बारीक आहेत, मामा."

गौरीनं श्वास रोखून कार्ड धरलं. मॅग्नेटनं कॉइल खेचून घेतली, आप्पांनी स्क्रू आवळले, तिनं कार्ड अलगद ओढून काढलं. चाक फिरवून पाहिलं. कुठं घासत नव्हतं!

मग म्हातारी जी सुरू झाली, ती थांबेचना! चहाची वेळ आली, गेली, तरी भुसा उडतच होता. शेवटचा ओंडका बाजूला झाला आणि टँकर हॉर्न वाजवत आत शिरला.

आप्पांनी सगळ्यांसमोर माप गौरीच्या हातात ठेवलं. "चूक माझी होती, पोरी. तुला विचारायच्या आधीच मी ठरवून मोकळा झालो. आज सोसायटीला पाणी मिळालं ते तुझ्या डोक्यामुळं!" सुकलालकाकांनीही मान डोलावली, अगदी थोडी.

"आणि परागनं दूध सांडलं म्हणून!" चेतन आनंदानं ओरडला. "मुद्दाम!"

आई वळली.

"मुद्दाम? परग्या! अख्खं पातेलं? ती फरशी आता कोण पुसणार, तुझा बाप येणार बारडोलीहून? उचल फडकं! चल आधी!"

आहाहा! गौरीला असं गार वाटलं, जणू टँकरचं पाणी तिच्याच डोक्यावर ओतलं! आणि पराग? तो फडकं हातात घेऊन कानापर्यंत हसत होता.

"हसतोयस काय वेड्यासारखा?"

"मामी मला परग्या म्हणाली!"

गौरीनं माप ओट्यावर नीट पालथं ठेवलं. मग दुसरं फडकं उचललं.

"सरक तिकडे. एवढंसुद्धा नीट पुसता येत नाही तुला!"