जुन्या चार स्प्रिंगा

सुतार दार बसवायला येतो, दार बसवतो आणि जातो. हा सुतार गॅरेजचं दार बसवून झाल्यावरही उंबऱ्यातच घुटमळत राहिला. गॅरेज चालवणारी ती कोपरापर्यंत ऑइलने माखली होती. आतल्या खोलीत खाटेवर तिचे बाबा पडून होते. त्यांचे डोळे गेले होते, पण कान अजून शाबूत होते.

"इंजिन उघडता का तुम्ही?" त्याने विचारलं.

"छे हो. इथे मी भाजी निवडत बसते."

तो हसला… जरा उशिराच, आधी खात्री करून घेतल्यासारखा. त्याचा डावा हात मात्र तेवढा वेळ पँटच्या खिशातच होता. दार त्याने एका हाताने कसं बसवलं असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि मग दिवसभर जाईना.

दुसऱ्या दिवशी तो आपली मोटरसायकल ढकलत घेऊन आला. सीटवर एक खोकं बांधलेलं होतं. खोक्यात मोठा पिस्टन होता, नवा कार्बोरेटर होता आणि क्लचच्या चार कडक स्प्रिंगा होत्या. हे सामान त्याने दोन वर्षांपूर्वी डोंगरावरच्या शर्यतीसाठी घेतलं होतं. ते बसवायच्या आधीच करवतीच्या यंत्रात त्याचा डावा पंजा सापडला. जखम भरली, पण बोटांतली ताकद परत आली नाही.

"आता जिंकायचं नाही हो मला," तो म्हणाला. "एकदा वर पोचायचंय फक्त. मग गाडी विकेन हवं तर."

शर्यतीला सहा आठवडे होते. तिने काम हातात घेतलं. तो रोज संध्याकाळी 'सहज' यायला लागला. कारणं मोठी मासलेवाईक असत. कधी दाराची कडी बघायला, कधी तेच दार परत बघायला.

"दार पळून जात नाही हो, सुतारसाहेब."

"दाराचा भरवसा आहे… बाकीच्यांचं सांगता येत नाही."

एकदा त्याने तिच्या पान्यांसाठी एक फळी आणली. फळीत प्रत्येक पान्याच्या मापाची खाच कोरलेली होती. ही मापं त्याने कधी घेतली, तिला पत्ताही नव्हता. ती खाचांवरून बोट फिरवत राहिली आणि आभार मानायचे राहूनच गेले. मग फळी ठोकायला आणलेल्या खिळ्यांच्या पुडक्याची दोरी सोडताना त्याला गाठ सुटेना. डाव्या हाताची बोटं गाठीवरून नुसती घसरत होती. ती पुढे झाली, तशी त्याने पाठ फिरवली आणि दातांनी दोरी तोडली.

दुसऱ्या दिवशी तिने क्लचमध्ये नव्या स्प्रिंगा बसवल्या आणि हँडलवरचा क्लच दाबून पाहिला. तिच्याच मनगटाला रग लागली. दातांनी दोरी तोडताना त्याने फिरवलेली पाठ तिला आठवली. मग तिने त्या चारही स्प्रिंगा काढल्या, जुन्या परत बसवल्या आणि नव्या एका डब्यात घालून खणात ठेवून दिल्या. क्लच लोण्यासारखा मऊ झाला. तिने त्याला काही सांगितलं नाही. चालून जाईल, असं तिने स्वतःला बजावलं. पंधरा वर्षांच्या कामात हे शब्द तिने पहिल्यांदाच वापरले होते.

गाडी तयार झाली त्या दुपारी तो घाटात चक्कर मारायला गेला. परत आला तो गाडी ढकलत. चेहरा पांढराफटक.

"चौथ्या वळणावर ट्रकच्या पुढे काढत होतो," तो म्हणाला. "मूठ पिळली. इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी पुढे सरकेना. समोरून बस आली… थोडक्यात वाचलो."

तिची नजर खणाकडे गेली.

"चूक माझीच आहे," तो खाली बघत म्हणाला. "या हाताने क्लच नीट सुटलाच नसणार. उगाच हट्ट केला मी. उद्याच गिऱ्हाईक बघतो."

ती गप्प राहिली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. गाडी विकली गेली असती, तो जिवंत राहिला असता, रोज दार बघायला आला असता. फक्त आपला हात कायमचा गेला, असं तो जन्मभर धरून बसला असता.

आतून बाबांचा आवाज आला. "ताकद क्लच दाबायला लागते. सोडायला कसली ताकद? पोरी, स्प्रिंगा कुठल्या आहेत आत?"

तिने खण उघडला आणि डबा त्याच्यासमोर ठेवला.

"तुमच्या हाताची काही चूक नाही. मी नव्या बसवल्याच नाहीत. इंजिनाचा जोर वाढवला आणि क्लच जुन्या स्प्रिंगांवरच ठेवला. घसरणारच होता तो. मला कळायला हवं होतं… कळत होतं."

तो डब्याकडे बघत राहिला. "दया आली माझी?"

"दया आली असती तर काम घेतलंच नसतं." ती म्हणाली. "तुम्हाला वेदना झालेल्या मला बघवणार नव्हत्या. प्रेम आहे माझं तुमच्यावर. त्याच्यापायी मी खोटं काम केलं आणि तुमचा जीव घेणार होते. झालं, सांगितलं."

"दोन वर्षं सगळे माझ्यासाठी परस्पर ठरवतायत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही तेवढ्या वेगळ्या वाटला होतात."

तो गेला. गाडी तिथेच राहिली.

तीन दिवस तो आला नाही. ती रडली, आणि रडून झाल्यावर कामाला लागली. जळलेल्या क्लचप्लेटा तिने बदलल्या. कडक स्प्रिंगा घातल्या. मग इंजिनापाशी क्लचची केबल जिला ओढते ती छोटी दांडी काढून तिला बोटभर लोखंड जोडलं. दांडी लांब झाली की हाताला जोर कमी लागतो. बाबा खाटेवरून वेल्डिंगचा आवाज ऐकत होते. "दांडी लांब करतेयस ना? हे आधीच का नाही सुचलं गं?" त्यांनी विचारलं. त्याला विचारलं असतं तर सुचलं असतं, हे तिला कळून चुकलं होतं.

चौथ्या सकाळी तो दारात उभा होता.

"बसवल्या?"

"बसवल्या. दांडी लांब केलीय. तरी जड आहे. खोटं सांगणार नाही."

तो गाडीवर बसला. त्याने डावा हात खिशातून बाहेर काढला आणि पहिल्यांदाच तिच्यापासून लपवला नाही. तळव्यावरून आडवा वण गेला होता. त्याने क्लच दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"वर पोचेपर्यंत किती वेळा दाबावा लागतो?" तिने विचारलं.

"तीस… पस्तीस."

विसाव्या वेळेला त्याचा हात थरथरायला लागला. पंचविसाव्याला कपाळावर घाम आला. तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले आणि जागची हलली नाही. तेवढं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. तो पस्तिसाव्यापर्यंत गेला आणि थांबला. दोघंही धापा टाकत होती.

"मध्ये पडली नाहीस," तो म्हणाला.

"नाही पडले."

"शर्यतीच्या दिवशी वरच्या टोकाला थांबशील?"

"तुझ्या आधी पोचलेली असेन."

तो गाडीवरून उतरला. दुखऱ्या हाताची बोटं त्याने एकदा उघडमीट करून पाहिली. खिशाकडे गेलेला तो हात वाटेतच थबकला, आणि मग त्याने तो तिच्या काळ्या, ऑइलने माखलेल्या हातात दिला.

आतून बाबांनी विचारलं, "ऑइल बदललंस का गं?"

"बदललं, बाबा," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.