हळर्णची चेटकीण

"उडी मारायची असेल तर जरा पलीकडून मारा हां... तुमच्या पायाखाली माझी घेटुळी आहे."

तो एवढा दचकला, की न मारायची उडीही पडली असती. गोव्यातल्या हळर्णच्या किल्ल्याचा पडका तट, खाली श्रावणातली गढूळ, फुगलेली नदी आणि अगदी काठावर हा — शर्टावर सिमेंटचे डाग, दाढी वाढलेली, डोळे लाल. सुविधाने डोक्यावरची प्लास्टिकची खोळ मागे सारली, टोपली कमरेला टेकवली. चेहऱ्यावर हसू होतं. छातीत मात्र धडधडत होतं.

"न्हाई... नदी बघत हुतो नुस्ती," तो म्हणाला.

"नदी तिकडून चांगली दिसते. चला, दाखवते. पण आधी पाय उचला."

त्याने पाय उचलला. जमिनीसरशी पसरलेल्या घेटुळीच्या गोल पानांवर त्याच्या बुटाचा चिखल उमटला होता. सुविधा खाली बसली, बोटाने चिखल पुसू लागली आणि पुटपुटली, "रागवू नको गो बाये... त्याला ठाऊक नव्हतं."

"कुनाशी बोलताय?"

"हिच्याशी."

"झाडाशी?"

"मग काय तुमच्याशी? तुम्ही कुठे बोलताय?"

तो हसला नाही. पण काठापासून आत आला. तिला तेवढंच हवं होतं.

त्याचं नाव आनंदा. घाटावरच्या चंदगड तालुक्यातला. गावाखालच्या उतारावर बंगल्यांचं काम चाललं होतं, तिथे तो सेंटरिंगला, स्लॅबखाली फळ्यांचा आधार बांधायला, होता. पावसाच्या तोंडावर तिथला एक स्लॅब कोसळला आणि त्याखाली अमोल गेला — आनंदाच्या चुलत्याचा मुलगा. त्याला गावाहून कामावर आनंदानेच आणलं होतं. हे सगळं त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. त्या दिवशी तो फक्त तिची टोपली घेऊन पायवाटेने खाली उतरला आणि वळणावर टोपली तिच्या हातात देऊन, मागे न बघता निघून गेला. सुविधा मात्र तो दिसेनासा होईपर्यंत पावसात उभी राहिली... न जाणो, परत वर गेला तर?

आठवड्याने तो दारात आला.

सुविधा सुलोचनामावशीकडे राहत होती. आई गेल्यापासून तिला तेच घर. पर्यटकांच्या दिवसांत ती केरीच्या एका गेस्ट हाऊसमध्ये खोल्या झाडायची. तिथे उतरणारी एक परदेशी बाई रोज पहाटे माडाखाली बसून झाडांशी बोलायची, पाला वाळवायची, धुरी द्यायची. "आमच्याकडे पूर्वी असल्या बायकांना चेटकिणी म्हणून जाळायचे," ती मोडक्या हिंदीत सांगायची. "आता आम्ही ते नाव स्वतःहून लावतो, अभिमानाने." सुविधा हसली होती. पण तो विषय तिच्या डोक्यातून गेला नाही. तिची आईही असंच करायची — पान तोडण्याआधी झाडाला हात जोडून विचारायची, दिवेलागणीनंतर कशाला हात लावायची नाही. कोणाचा खोकला, कोणाची सूज... आई गेली आणि ते सगळं तसंच राहून गेलं.

या पावसाळ्यात गेस्ट हाऊस बंद झालं आणि सुविधाने परसात सुरुवात केली. ब्राह्मी, अडुळसा, निर्गुंडी, वेखंड. मधोमध जांभ्या दगडाचा एक चिरा ठेवला. त्यावर रोज एक फूल आणि ओंजळभर पाणी. झाडांशी बोलणं. कोणी आलं तर पाला देणं. गावातल्या बायका घ्यायला यायच्या, नि परत जाताना 'चेटकीण' म्हणत एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या.

"झोप लागंना झालीया," आनंदा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "डोळं मिटलं की... तुमी काय काय देता म्हनत्यात."

"बसा."

तो दारापुढच्या सोप्यावर बसला. तिने त्याच्या डोक्याला लावायला ब्राह्मीचं तेल दिलं, दुधात जायफळ उगाळून दिलं. मग त्याने अमोलचं सांगितलं. सांगताना त्याचं लक्ष सगळा वेळ पेल्याकडे होतं.

"आणि उद्या पेडण्याला सरकारी दवाखान्यात जा," ती म्हणाली. "मन दुखतं तेव्हा पण डॉक्टर लागतो. नुसत्या पाल्याने नाही भागत."

"असं कुठली चेटकीन सांगती?"

"नवीन आहे मी... शिकतेय."

या वेळी तो हसला. किंचित. उजव्या गालाला खळी पडत होती त्याच्या — आणि ती आपल्याला दिसली याचा सुविधाला उगाचच राग आला.

तो दवाखान्यात गेला. गोळ्या घेऊ लागला. पण सुट्टीच्या दिवशी सोप्यावर यायचाही. कधी तिच्या कुंपणाचे खांब नीट कर, कधी वाफ्यातलं तुंबलेलं पाणी काढून दे. एका दुपारी बोलता बोलता तो भिंतीला टेकला आणि झोपला... गाढ. पाऊस झिमझिमत होता. पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला, तेव्हा सुविधाने धावत जाऊन त्याला हाताने गप्प केलं. मावशी खिडकीतून बघत होती. तिने भांडी जरा जोरात ठेवली.

"तुमच्याकडं वशीकरणाची मुळी हाय म्हनं?" एकदा त्याने विचारलं. ती निर्गुंडीची पानं निवडत होती.

"आहे ना. कोणावर करायचं?"

"करायचं न्हाई... कुनी केलंय का, ते बघायचं हुतं."

तिने मान वर केली नाही. पण हातातलं निवडलेलं पान न निवडलेल्यांत पडलं.

शेजारी बाबली राहायचा. म्हातारा, काळजाचा रोगी. पाय सुजून खांबासारखे व्हायचे. त्याला ती घेटुळीची भाजी आणि काढा द्यायची, आणि दर वेळी बजावायची, "बाबलीकाका, डॉक्टराची गोळी चुकवायची नाय हां." तो मान हलवायचा. सूज उतरली. बाबली काठी टेकत देवळापर्यंत जाऊन आला आणि वाटेत भेटेल त्याला पाय दाखवत सुटला.

भाद्रपदाच्या मध्यावर, एका सकाळी, बाबली उठलाच नाही.

त्याचा मुलगा निलेश बापाला अग्नी देऊन आला तो थेट सुविधाच्या परसात. सोबत दोघे-तिघे. अडुळसा उपटला, ब्राह्मीच्या वाफ्यावर नाचले, चिरा उचलून कुंपणावर आपटला. "हिच्या हातचा पिऊन माझो बापूय गेलो! चेटूक करता ही!" मावशी ओरडत राहिली. सुविधा दारात उभी होती, आणि तिला एकच गोष्ट कळत होती — बाबली गेला. आपण दिलेलं पिऊन गेला? की...?

तो प्रश्न तिला जेवू देईना.

दोन दिवसांनी, भर दुपारी, बाबलीची बायको शेवंती मागच्या दाराने आली. आनंदा मोडलेलं कुंपण बांधत होता. शेवंतीने त्याला पाहिलं, पण तिला धीर धरवला नाही.

"गोळ्यो मीच बंद केल्यो गो," ती सुविधाचे हात धरून म्हणाली. "सूज उतरली, ते हसाक लागले... म्हटला, कित्याक ते विख रोज पोटात घालूचा? मीच... मीच गो..."

सुविधाने तिला पायरीवर बसवलं.

"निलेशाक कळला तर माका घरात ठेवचो नाय. खंय जाऊ मी?"

"तोंड धुवा, काकी," सुविधा शेवटी म्हणाली. "रडलेला भायर दिसतला."

ती गेल्यावर आनंदा उठला. "आता बोला गावाला."

सुविधा उपटलेल्या अडुळशाची मुळं मातीत परत दाबत बसली. ती जगणार नव्हती. दोघांनाही ते दिसत होतं.

बाराव्यानंतर देवळाच्या मंडपात गाव बसलं. निलेश बोलला. मग इतर बोलले — ही झाडाशी बोलते, दगडाला फुलं वाहते, तो घाटी पोरगा दिवसाढवळ्या हिच्या सोप्यावर झोपलेला असतो, त्याला काय पाजलंय कोण जाणे. ज्या बायकांनी तिच्याकडून मुलांच्या खोकल्यासाठी पाला नेला होता, त्या पदराची टोकं चाळवत खाली बघत होत्या. शेवंती खांबाआड होती. नुसते तिचे डोळे दिसत होते, मरणाऱ्या जनावरासारखे.

"काय म्हणणं आसा तुझा?" एका वडीलधाऱ्याने विचारलं.

सुविधा उठायच्या आधी तिच्यामागे बसलेला आनंदा उठला. "मी सांगतो. ह्येच्या बापाच्या गोळ्या—"

तिने वळून त्याचं मनगट धरलं. सगळ्या गावासमोर. घट्ट.

मंडपात कुजबुज उसळली. आनंदा थांबला. तिची बोटं त्याच्या मनगटावर रुतली होती.

"माझ्या समजावण्यात कसर राहिली," सुविधा गावाकडे बघून म्हणाली. "काका गेले, त्याचं दुःख मला आहे. यापुढे या गावात मी कोणाला पाला देणार नाही." तिचा आवाज फाटला. "चेटूक मात्र मी केलं नाही. म्हणायचं तर म्हणा."

मनगट तिने तेव्हाही सोडलं नाही. देवळाची पायरी उतरेपर्यंत तिला त्याची आठवणच नव्हती.

नदीकाठच्या वाटेवर तो फुटला. "का? का गप बसवलंस मला? आता जन्मभर चेटकीन म्हनतील तुला!"

पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला होता. तिच्या लक्षात आलं, पण ती ते तसंच ठेवून चालत राहिली.

"निलेश तिला घराबाहेर काढील. आणि तिने जाणून नाही केलं रे... नवरा हसला म्हणून केलं. तू हसला असतास तर मी पण—" ती थांबली. चुकून भलतंच निघून गेलं होतं.

"मी हसल्यावर?" तो हळूच म्हणाला.

"...गप बस."

पाऊस नव्हता. ओल्या गवताचा वास होता आणि दूर कुठेतरी सिमेंटचा मिक्सर घरघरत होता. आनंदा नदीकडे तोंड करून थांबला.

"त्या दिवशी किल्ल्यावर... मी नदी बघत न्हवतो, सुविधा."

"माहीत आहे."

"माहीत हुतं? मग झाडाचं काय सांगत हुतीस?"

"दुसरं काय सांगणार? तुझं नाव सुद्धा ठाऊक नव्हतं मला."

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. तिने हात पुढे केला, मागे घेतला... मग केलाच पुढे. त्याच्या पाठीवर ठेवला आणि तो शांत होईपर्यंत ठेवून दिला.

"माज्या गावाला चल," तो मग म्हणाला. "आईला बघ. आईनं तुला बघू दे. मग सांग काय ते. आई काय म्हनंल, मला ठावं न्हाई. खोटं सांगत न्हाई."

दसऱ्याच्या सुट्टीत ती गेली. मावशी बसपर्यंत सोडायला आली. गावातलं दुसरं कोणीच आलं नाही. शेवंतीच्या दारावरून जाताना सुविधाची पावलं मंदावली. दार अर्धं उघडं होतं. आतून कोणीतरी ते अलगद लोटून घेतलं. सुविधाला रडू आलं नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती बसकडे चालू लागली.

आनंदाची आई चंद्रभागा बारीक, काटक बाई होती. चहा झाला. आनंदाला बाहेर पाठवून तिने दार पुढे केलं. सुविधाने कप खाली ठेवला आणि चंद्रभागा विचारायच्या आतच सगळं सांगितलं. झाडं, चिरा, बाबलीचं मरण. शेवंतीचं तेवढं गाळलं. "आमच्या गावात मला चेटकीण म्हणतात, आई. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा..."

चंद्रभागा तिच्यासमोर खाली बसली.

"अमोलला मी न्हाऊमाखू घातलंय," ती म्हणाली. "तो गेला, तवापासनं फोन वाजला की हातपाय गळायचं माजं. वाटायचं, आता ह्यो बी... श्रावनात एक दिस फोन केला त्यानं. म्हनला, आई, आज झोपलो मी." तिने डोळ्यांना पदर लावला. "मला भ्या वाटतंय तुजं. खोटं कशाला बोलू? पन पोरगं जितं हाय माजं."

ती उठली, मागचं दार उघडलं. "परसात जागा पडून हाय. काय लावायचं ते लाव. मला विचारून लाव."

सुविधा परसात आली. काळी, ओली, रिकामी जमीन. परसाच्या बुटक्या दगडी वरवंडीला टेकून आनंदा उभा होता, नखं कुरतडत.

"काय म्हनली आई?"

"माझी भीती वाटते म्हणाली."

त्याचा चेहरा उतरला. "मग... तू काय म्हनलीस?"

"मी काहीच नाही. पण भीती मला पण वाटते, आनंदा."

"कशाची?"

ती त्याच्या शेजारी वरवंडीला टेकली. खांद्याला खांदा लागला. ती बाजूला सरकली नाही.

"तुझ्याशिवाय परत जायची..."