दुसऱ्या टोकाचे टाके

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी त्या घरात होते आणि माझे हात त्या कापडाला लागलेत.

मे २००४. किन्हवलीजवळचा माझ्या आत्याचा पाडा. भर दुपार, दोनचा सुमार. घाबरावं अशी ती वेळच नव्हती.

माझी गोदूआत्या चित्रं शिवायची. कापडाचे तुकडे कापून माणसं, बैल, झाडं करायची आणि मोठ्या चादरीवर टाके घालून बसवायची. लाकडात ठसे कोरून कागदावरही छापायची. शहापूरच्या एका संस्थेमार्फत तिचं काम मुंबई-दिल्लीच्या प्रदर्शनांत जायचं. कधी शाळेत न गेलेली बाई, पण तिचा फोटो पेपरात आला होता.

सुरुवातीला मात्र त्या दोघी होत्या. आत्या आणि तिची जाऊ, भिमी. चादर जमिनीवर पसरून एक या टोकाला बसायची, एक त्या टोकाला. शिवत शिवत मधे भेटायच्या. भिमी डावखुरी. तिचा टाका उलटा तिरपा पडायचा.

१९९७ ला त्यांच्या चादरीला बक्षीस मिळालं.

नाव एकटीचंच आलं... गोदूचं.

आत्या संस्थेत जाऊन भांडली. "फॉर्मवर एकच नाव बसतं," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या पावसाळ्यात भिमी तापाने गेली.

त्यानंतर आत्या एकटीच शिवायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या मे महिन्यात दिल्लीसाठी मोठी चादर चालू होती. कॉलेजला सुट्टी म्हणून मी आत्याकडे राहायला गेले होते. त्या दुपारी ती विहिरीवर गेलेली. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते.

आतून आवाज आला.

सर्र...

जाड कापडातून दोरा ओढल्यासारखा.

"आत्या, आलीस?"



पुन्हा... सर्र.

मी आत गेले. कुणीच नव्हतं. चादर पसरलेली होती. आत्याची सुई तिच्या बाजूला टोचून ठेवलेली, जशीच्या तशी.

पण पलीकडच्या कोऱ्या टोकाला...

एक बाई शिवलेली होती. टाके उलटे तिरपे.

तेवढ्यात आत्या आली. डोक्यावरचा हंडा उतरवायचंही तिला सुचेना.

"रविना, तू शिवलंस?"

"नाय गो आत्या. मला कुठं येतं?"

हंडा ठेवून ती खाली बसली. त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "भिमे, मी सांगितलं होतं गो त्यांना."

ते टाके आम्ही उसवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे दोन बाया होत्या.

मग चादर पत्र्याच्या पेटीत घातली. कुलूप लावलं. किल्ली आत्याने कमरेला खोचली. आम्ही दोघी पेटीसमोर बसून राहिलो.

पेटीच्या आतून... सर्र.

मी आत्याचा हात घट्ट धरला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

आठ दिवस पेटी उघडायची हिंमत झाली नाही. मग आत्या म्हणाली, "अर्धी तर अर्धी. देऊन टाकू." आम्ही एसटीने शहापूरला गेलो. संस्थेच्या बाईंनी चादर टेबलावर उलगडली.

ती पूर्ण झालेली होती.

मधोमध, जिथे दोन्हीकडचे टाके भेटत होते, तिथे गाठ मारलेली.

"वा, गोदूबाई! काय सुंदर झालीय!" बाई लेबल लिहायला लागल्या.

"भिमीचं नाव लिवा," आत्या म्हणाली. "अर्धं तिनं केलंय."

"भिमीबाई? त्या तर वारल्या ना हो? सहा वर्षं झाली."

"तुमी लिवा. हात जोडते."

बाई समजुतीनं हसल्या. लेबलवर एकच नाव राहिलं. मी शेजारीच उभी होते. वीस वर्षांची, शिकलेली. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

परतीच्या एसटीत आत्याचा उजवा हात गार पडला. बाहेर ऊन भाजत होतं. किन्हवली येईपर्यंत मी तो चोळत राहिले.

ऊब आलीच नाही.

त्या हाताने पुन्हा सुई धरली नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनाही दाखवलं. नसा नीट, हाडं नीट.

आत्या अजून चार वर्षं जगली. मी आजही दुपारी घरात एकटी असले की टीव्ही चालू ठेवते. आवाज मोठा करून.

पण त्याहून जास्त मला तिचं ते बसणं आठवतं. दुपार झाली की आत्या कोरी चादर पसरायची आणि एका टोकाला बसून समोर बघत राहायची. मधेच म्हणायची, "मी सांगितलं होतं गो त्यांना." मग थांबायची. कान देऊन...

एकदा न राहवून मी विचारलं, "आत्या, काय म्हणते ती?"

आत्याचे डोळे भरून आले.

"काय बोलतच नाय गो. नुसती बघते."