अंदाजाचा भार

भिंगरीत कुणी मान वळवून मागे बघत नसे. मागून हाक आली की आधी थांबायचं, मग अख्खं अंग सावकाश फिरवायचं आणि मगच "काय?" म्हणून विचारायचं, अशी तिथली रीत होती. नवखा माणूस गडबडीत मान वळवी आणि भिंत धरून मटकन खाली बसे. जुनी माणसं त्याच्या हातात ओकायची पिशवी देत आणि आपल्या वाटेने जात.

मंगळाभोवती फिरणाऱ्या त्या वसाहतीचं कागदावरचं नाव 'आवर्तन' असं भारदस्त होतं, पण ते फक्त कागदावर; बोलताना सगळे भिंगरीच म्हणत. माणसांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती चाकासारखी स्वतःभोवती फिरे. चाक मोठं असतं तर ते सावकाश फिरवून चाललं असतं. मोठं चाक बांधणं जमलं नाही, तेव्हा लहानच चाक जोरात फिरवून वेळ मारून नेली होती. त्यामुळे भिंगरीत सगळंच थोडं तिरकं चाले. वरून सोडलेला चेंडू पायाशी न पडता बाजूला पडे. डोकं हललं की कानातला द्रव एक सांगे, डोळे दुसरंच सांगत, आणि बिचारा मेंदू पृथ्वीवरच्या सवयीने तिसरंच धरून बसे. या भांडणातून जो आजार होई त्याला सगळे चक्रभोवळ म्हणत.

बहुतेकांची भोवळ हळूहळू ओसरे. शैलजाबाई मगदूम यांची मात्र जाईना. त्या भिंगरीच्या पाणीशुद्धी विभागाच्या प्रमुख, मूळच्या कोल्हापूरच्या. निम्मे दिवस अंथरुणावर आणि निम्मे दिवस भिंत धरून, असं त्यांचं चाललं होतं.

"शैलाताई, परतीचं जहाज पुढच्या महिन्यात निघतंय," डॉ. जुबेर बागवान म्हणाले. ते मेंदूतज्ज्ञ होते, पण त्यांची स्वतःची मान लचक भरल्यासारखी ताठ असे. "तुमचं नाव मी त्यात घातलंय."

"आणि चारू?"

"चारुता कशाला जाईल? तिला कुठे काय झालंय?"

"मग मी कसं जातो?" शैलजाबाई उसळल्या. कोल्हापूरच्या बाईच्या तोंडी 'जाते' येत नाही, 'जातो'च येतं. "डॉक्टर, पोटात दुखलं तरी ती पोरगी कुणाला सांगत नाही. मला नुसतं बघून कळतंय. तिच्या मनातलं ती बोलायच्या आधी मला कळतंय. तिला इथं एकटी टाकून जाऊ होय?"

चारुता त्यांची एकुलती एक लेक. लहानपणीच तिच्या स्वमग्नतेचं निदान झालं होतं. कुकरची शिट्टी, मिरवणुकीतले ताशे, मागून खांद्यावर पडलेला प्रेमाचा हात, सगळं तिच्या अंगावर फटक्यासारखं येई. मग कुणीतरी सुचवलं म्हणून शैलजाबाईंनी तिला लाठी शिकायला तालमीत घातलं. तिथे चमत्कार वगैरे झाला नाही, पण फरक पडला. समोरचा माणूस लाठीच्या लांबीपेक्षा जवळ येत नसे. वस्ताद रोज त्याच शब्दांत हुकूम देत. लाठीचे 'हात', म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या चाली, काल होते तसेच आज असत. पुढच्या क्षणी काय होणार हे चारुताला जगात त्या एकाच ठिकाणी पक्कं ठाऊक असे. ती शांत झोपू लागली. आपलं अंग कुठे संपतं आणि गर्दी कुठे सुरू होते हे तिला उमगू लागलं. बोलणं फारसं वाढलं नाही, पण बोले ते ठाम. मोठेपणी ती यंत्रांचे सुटे भाग बसवणारी जोडारी झाली आणि तिने भिंगरीवरची नोकरी मिळवली. तेव्हा शैलजाबाईंनीही अर्ज केला आणि तिच्या पाठोपाठ येऊन तिच्याच खोलीत राहू लागल्या.

"चला, तुम्हाला एक दाखवतो," डॉक्टर म्हणाले.

ते त्यांना धरून धरून भिंगरीतल्या तालमीत घेऊन गेले. ही तालीम चारुतानेच सुरू केली होती. दहा-पंधरा जण लाठ्या फिरवत होते आणि प्रत्येकाची लाठी ऐन वेळी भरकटत होती. कुणी आपल्याच नडगीवर मारून घेत होता, कुणी शेजाऱ्याच्या. मधोमध चारुता पवित्र्यात उभी होती. तिची लाठी सुटली आणि शैलजाबाई भोवळ विसरल्या. ती लाठी कुठेच अडखळत नव्हती. डोक्यावरून, काखेतून, पाठीमागून ती सरळ आणि गोल फिरत होती, आणि चारुता हवी तशी मान वळवत होती. त्या तिरक्या जगात ती एकटीच सरळ होती. लहानपणी दुकानात कान झाकून रडणारी आपली मुलगी ती हीच, हे त्यांना खरं वाटेना. त्यांचे डोळे भरून आले.

"तिला भोवळ का येत नाही, सांगू?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "अंधारात जिना उतरताना, पायऱ्या संपल्या तरी अजून एक आहे असं वाटून पाय आपटतो की नाही?"

"आपटतो की."

"कारण मेंदू बघत बसत नाही, तो आधी ठरवतो. आपल्याला जे दिसतं, ऐकू येतं, त्यात मेंदूचा अंदाज बराच असतो. डोळे-कान फक्त दुरुस्त्या सुचवतात. अंदाजाला किती वजन द्यायचं आणि डोळ्या-कानांना किती, याचं प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं. आम्ही त्याला अंदाजभार म्हणतो. तुमचा भार भरपूर आहे, म्हणून तुमचा मेंदू अजून कोल्हापुरातच उभा आहे. चारुताचा फार कमी. सगळ्या स्वमग्न माणसांचं असंच असतं असं नाही, ती काही एका साच्यातून काढलेली नसतात. पण हिचं असं आहे. तिला प्रत्येक गोष्ट जशी आहे तशी, नवी कोरी दिसते. गजबजलेल्या शहरात ते जिवावर येतं. इथे त्याच्यामुळे ती सरळ उभी राहते."

शैलजाबाईंनी पुन्हा लेकीच्या लाठीकडे बघितलं. "माझा भार उतरवता येतो का?"

डॉक्टरांनी मान हलवली नाही, पण चेहरा पडला. "येतो. एक सुई आहे. चौघांना दिली, चौघांची भोवळ गेली. मात्र उतरलेला भार परत चढत नाही. तशा मेंदूने पृथ्वीवर राहणं फार अवघड जाईल. शिवाय हा भार फक्त भोवळीपुरता नसतो, ताई. आवाज, चेहरे, समोरच्याच्या मनात काय आहे, सगळीकडे हाच भार चालतो. त्यातलं काय काय जाईल, मी छातीठोक सांगू शकत नाही."

"इतरांचं गेलं तर जाऊ दे," शैलजाबाई म्हणाल्या. "चारूचं मला अंदाजानं कळत नाही. मी आई आहे तिची."

त्यांनी सुई घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला त्यांनी नळ सोडला आणि तशाच उभ्या राहिल्या. पाण्याची धार तिरकी पडत होती. ती रोजच तिरकी पडायची आणि रोज त्यांच्या पोटात ढवळायचं. आज ढवळलं नाही. आज पाणी नुसतं तिरकं पडत होतं, आणि त्यात दिव्याचा उजेड वेटोळे घेत खाली चालला होता. जन्मभर पाण्याचं काम केलेल्या बाईने पाणी पहिल्यांदाच बघितलं. किती सुंदर होतं ते! त्या हसल्या आणि मग रडल्या.

दुपारपर्यंत मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आला. पंख्यांची घरघर, साडीची सळसळ, जेवणघरातला प्रत्येक चमचा. पूर्वी मेंदू ज्याला 'हे नेहमीचंच' म्हणून दाराबाहेर ठेवत असे, ते सगळं आत घुसलं होतं. त्या कान झाकून कोपऱ्यात बसल्या. तेव्हा त्यांना आठवलं की दुकानात असंच बसलेल्या लहान चारूला आपण हात धरून ओढत नेलं होतं.

त्या तपासणीसाठी गेल्या तेव्हा डॉक्टरांना म्हणाल्या, "चारूला आपण स्वमग्न म्हणतो. आपण सगळे जन्मभर आपल्याच अंदाजात बुडालेलो. मग आपल्याला काय म्हणायचं?"

डॉक्टरांनी तो प्रश्न तपासणीच्या नोंदीत लिहून घेतला.

त्यांना सावरलं ते तालमीने. चारुताने त्यांच्या हातात लाठी दिली आणि पहिला हात दाखवला. दुसऱ्या दिवशीही तोच, तिसऱ्या दिवशीही तोच. "पुढचं ठरवू नकोस, आई. लाठी आता कुठे आहे ते बघ," एवढंच ती म्हणे. सगळ्या कोलाहलात ती एक गोष्ट तेवढी कालच्यासारखी होती. पहिल्यानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. शैलजाबाईंचा श्वास लाठीच्या लयीत पडे आणि डोक्यातली गर्दी पांगे. लेकीला एवढी वर्षं कशाने तगवलं होतं, ते त्यांना मनगटातून कळत गेलं. एक दिवस त्यांची लाठी न भरकटता पुरता फेरा फिरली, आणि तालमीतल्या सगळ्यांनी जमिनीवर लाठ्या आपटून दाद दिली. चारुतालाच तो आवाज सोसेना म्हणून मग सगळे थांबले.

जहाज निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचं नाव काढून टाकलं. शैलजाबाई धावतच तालमीत आल्या. बाकीचे गेले होते, चारुता लाठ्यांना तेल लावत होती.

"चारू, मी आता कुठं जात नाही! इथंच, तुझ्याजवळच राहणार!"

चारुताने वर पाहिलं. शैलजाबाईंनी सवयीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. आता कळेल, पोरीला किती बरं वाटलंय ते. पूर्वी कळायचंच. पण काहीच कळलं नाही. समोर डोळे होते, नाक होतं, कपाळावर घाम होता, एवढंच. आयुष्यात कधी विचारला नव्हता असा प्रश्न त्यांना विचारावा लागला.

"तुला आवडलं का, मी राहतोय ते?"

चारुताने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "मला एकटीला राहायचं होतं. म्हणून मी एवढ्या लांबची नोकरी घेतली. मी तुला सांगितलं होतं. निघायच्या आधी सांगितलं, इथे आल्यावर पण सांगितलं."

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. आणि 'पोर घाबरलीय, म्हणून असं बोलायलीय', असं शैलजाबाईंनी तेव्हा शेजारणीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं.

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही."

"मग मी काय करू गं? आता मला परत पण जाता येत नाही."

"चाकाच्या पलीकडच्या बाजूला खोल्या रिकाम्या आहेत. तिथे राहा," चारुता म्हणाली. "तालमीत रोज ये. तुझा तिसरा हात अजून कच्चा आहे. तो मी करून घेईन."

"आणि घरी?"

"घरी नको, आई."

लेकीचं बोलणं शैलजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा जसंच्या तसं ऐकलं, आणि ते सोसायला त्यांच्याजवळ आता एकही अंदाज शिल्लक नव्हता.